बऱ्या दिवसांत लिहावयाचा कागद



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे उभे राहतात, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. मी महाविद्यालयात इतिहासच शिकवितो, तेव्हा त्या मंडळींशी माझी रोजचीच गाठ. पण आज मी तुम्हांला जरा निराळ्या इतिहासाकडे नेणार आहे. त्यात तलवार नाही. त्यात एक साखळी आहे, गुरांचे एक दावे आहे, आणि शेवटी एक साधा कागद आहे. प्रश्न एवढाच की, माणसाचे मन त्याच्या ताब्यात राहिले नाही, तर त्याच्या वतीने ठरवायचे कुणी?

या प्रश्नाचा आणि आपल्या जालन्याचा संबंध जुना आहे. आज जालना म्हटले की लोकांना बियाणे आठवते, लोखंडाच्या सळ्या आठवतात, मोसंबी आठवते. पण निजामाच्या अमदानीत सबंध हैदराबाद संस्थानाचे वेड्यांचे इस्पितळ जालन्याला होते. त्याआधी हैदराबादेत असल्या रुग्णांना तुरुंगाच्या आवारात ठेवीत. गुन्हा काही नाही, पण जागा तुरुंगाची! पुढे तेलंगणातले, कर्नाटकातले, आपल्या मराठवाड्यातले रुग्ण जालन्याला येऊ लागले. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५३ साली हे इस्पितळ हैदराबादेस, एर्रागड्डा येथे गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण इस्पितळ गेले ते गेलेच. महाराष्ट्राची चार मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

मग परतूर-मंठ्याच्या माणसाने करायचे काय? तर बहुतेक घरांनी जे केले तेच. आधी देवऋषी, मग गंडादोरा, आणि तेवढ्याने भागले नाही तर गोठा.

गोठा हा शब्द मी उगीच लिहिलेला नाही. माझे एक मामा अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. घरची थोडी शेती होती. अक्षर मोत्यासारखे. बोलणे मोजके. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. दिवाळीच्या आधी मामांचा नूर पालटला. रात्री दोन-दोन तास झोप, तरी दिवसभर उत्साह मावेना. बोलणे असे की ऐकणाऱ्याला दम लागावा. आपण सरकी काढायची जिनिंग काढणार, गावातल्या सगळ्या पोरांना तिथे नोकऱ्या देणार, असे ते पारावर बसून सांगू लागले. लोकांना वाटले, मास्तर खुशीत आहेत. आठवडी बाजारात त्यांनी घरची बैलजोडी मिळेल त्या भावाला विकली, आणि ते पैसे दोन दिवसांत कुणाकुणाला वाटून टाकले. मामीने अडविले तर तिच्यावर हात उगारला. ज्या माणसाने वर्गात कधी छडी घेतली नव्हती, तो माणूस! शेवटी चौघा भावकीने धरून त्यांना गोठ्यात दाव्याने बांधले. तीन दिवस ते तिथे होते. जिथे बैल बांधीत तिथेच मामा, आणि बैल मात्र विकलेले.

पुढे शहरातल्या डॉक्टरांकडे नेले, औषध लागू पडले, दोन महिन्यांनी मामा शाळेत जाऊ लागले. त्या उन्हाळ्यात मी गेलो होतो तेव्हा ओट्यावर बसून ते सावकाश म्हणाले, “तुम्ही मला बांधलं त्याचा राग नाही रे मला. तेव्हा दुसरं करणार तरी काय होते लोक? पण मी धड होतो तेव्हा कुणी एकदा तरी विचारायचं होतं, की मास्तर, पुन्हा असं झालं तर आम्ही काय करावं?”

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आजचा सगळा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे, असे समजा.

मामांच्या आजाराला डॉक्टर ‘बायपोलर’ म्हणतात. मराठीत द्विध्रुवीय विकार म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. मनाची दोन टोके. एका टोकाला उन्माद, म्हणजे झोप उडणे, बोलणे सुसाट, पैसा पाण्यासारखा, मोठमोठे बेत, कुणी आडवे आले की संताप. दुसऱ्या टोकाला अवसाद, म्हणजे उठवत नाही, जेववत नाही, कशात गोडी नाही, आणि ‘मी नसलेलाच बरा’ असा विचार. या दोन टोकांच्या मध्ये मात्र माणूस कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, तुमच्या-माझ्यासारखाच धडधाकट असतो. शेती करतो, शाळा शिकवितो, संसार करतो. ही मधली वर्षे लक्षात ठेवा, कारण आपल्या सगळ्या बोलण्याची मेख तिथेच आहे.

हा आजार काही नव्या युगाने आणलेला नाही. आपल्या चरकसंहितेत उन्मादावर स्वतंत्र प्रकरण आहे. जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिन नावाच्या डॉक्टरांनी १८९९ साली उन्माद आणि अवसाद ही एकाच रोगाची दोन रूपे म्हणून मांडली. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम नावाचा क्षार देऊन पाहिला आणि गुण आला. जमिनीतून निघणारा हा साधा क्षार. आज तो स्वस्त मिळतो आणि हजारो घरे त्याने सावरली आहेत. मात्र हे औषध घेणाऱ्याला वेळोवेळी रक्त तपासावे लागते. आणि आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडले, किंवा अंगदुखीच्या काही गोळ्या मनाने घेतल्या, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोराने थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, की थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. तसेच बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडायचेही नाही.

औषध मिळाले, पण आपला मूळ प्रश्न राहिलाच. ठरवायचे कुणी? आता कायद्याची पाने चाळू.

इंग्रजी मुलखात १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, आणि १९१२ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याची रीत अशी की, नातेवाइकाने अर्ज करावा, दोन डॉक्टरांनी दाखले द्यावेत, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा आणि माणूस आत जावा. रस्त्यावर भटकणाऱ्याला तर पोलीसच पकडीत. या सगळ्या कागदांवर सह्या होत त्या दुसऱ्यांच्या. ज्याच्याविषयी कागद, त्याचे म्हणणे मात्र त्यात कुठेच नसे. स्वतंत्र भारताने १९८७ साली नवा कायदा केला, तो १९९३ साली अमलात आला. भाषा थोडी माणुसकीची झाली. पण हुकूम पूर्वीप्रमाणे वरूनच.

मधल्या काळात काही भली माणसे निराळ्या वाटेने गेली, हेही सांगितले पाहिजे. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलाविले. घरच्यांनी आजार डोळ्यांनी पाहिला, काय करायचे ते शिकले, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. आणि दुसरी बाजूही ऐका. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. आतल्या माणसांना साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे गेली. साखळी ही सोयीची वाटते, पण तिची किंमत कधी वसूल होईल सांगता येत नाही.

मग दुसरी काही तोड आहे की नाही? एक फार जुनी ग्रीक गोष्ट सांगतो. गुरुजनांना ती वर्गातही सांगता येईल. युलिसिस नावाचा राजा गलबतातून घरी निघाला होता. वाटेत एक बेट होते. तिथल्या मायाविनींचे गाणे जो ऐके तो भान विसरे आणि खडकांवर आपटून मरे. युलिसिसने काय केले? गलबत बेटाजवळ येण्याच्या आधी, डोके ठिकाणावर असताना, त्याने खलाशांना बजावले, ‘मला डोलकाठीला बांधा. गाणे ऐकून मी सोडा सोडा म्हणून ओरडेन, तेव्हा सोडू नका, उलट आणखी आवळा.’ खलाशांच्या कानांत त्याने मेण घातले. गलबत सुखरूप पार झाले.

आता पाहा, दोरी इथेही आहे. मामांनाही दोरीच बांधली होती. मग फरक कोणता? युलिसिसची दोरी त्याच्या स्वतःच्या शब्दाने बांधलेली होती. शुद्धीतल्या युलिसिसने बेभान युलिसिसचा बंदोबस्त करून ठेवला. पाश्चात्त्य देशांतल्या डॉक्टरांनी आणि कायदेपंडितांनी मानसिक आजाराच्या संदर्भात याच गोष्टीचा आधार घेतला आणि विचारले, माणूस बरा असतानाच त्याच्याकडून पुढच्या आजाराची व्यवस्था लिहून का घेऊ नये?

हा विचार आपल्या कायद्यात यायला २०१७ साल उजाडले. २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार केला, २००७ साली भारताने त्याला मान्यता दिली, आणि त्याला धरून मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयातल्या केंद्राचाही हात होता. या कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली, भूल न देता विजेचे झटके देण्यास मनाई केली. आणि प्रत्येक सज्ञान माणसाला एक हक्क दिला, तो म्हणजे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा. पूर्वी आजार झालेला असो वा नसो, हा हक्क सर्वांना आहे.

आगाऊ निर्देशात तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, मला आजार झाला तर माझी काळजी आणि उपचार कसे व्हावेत. दुसरी, कसे होऊ नयेत. तिसरी, माझ्या वतीने बोलणारा माणूस कोण. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. विश्वासाचा मित्र, शेजारी, सहकारी शिक्षकही चालेल. मात्र तो सज्ञान हवा आणि त्याची संमती हवी. प्रतिनिधी नेमण्यापुरता तर साधा कोरा कागद पुरतो, त्यावर सही किंवा अंगठा. पूर्ण निर्देशासाठी सरकारने नमुना ठरविला आहे, त्यावर दोन साक्षीदार लागतात. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेवढ्याच काळात हा कागद चालतो. तो शुद्धीवर आला की कागद बाजूला आणि माणूस पुढे. मन बदलले तर कागदही बदलता येतो. अल्पवयीनांसाठी त्यांचे पालक लिहू शकतात. हा आजार पुष्कळदा पंधरा ते पंचवीस या वयात डोके वर काढतो, म्हणून शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आमचे मामा मास्तर माणूस. कायदा येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली होती. पुढे निवृत्तीनंतर त्यावरूनच रीतसर कागद केला. त्यात काय होते ते थोडक्यात देतो, म्हणजे तुम्हांलाही वळण मिळेल.

आरंभी खुणा होत्या. ‘सलग दोन रात्री मी तीन तासांपेक्षा कमी झोपलो, पहाटे उठून पत्रे लिहू लागलो, जमिनीच्या नाहीतर धंद्याच्या गोष्टी काढू लागलो, तर समजा चढ सुरू झाला. दाढी सोडली, पारावर जाणे सोडले, निरवानिरवीचे बोलू लागलो, तर समजा उतार.’ प्रत्येकाच्या खुणा निराळ्या असतात. त्या स्वतः रुग्णाला आणि घरच्या बाईमाणसाला सर्वांत आधी कळतात. दोघांनी बसून लिहाव्यात.

मग औषधांची नावे आणि प्रमाण होते. कोणते लागू पडले, कोणत्याने अंगावर पुरळ आले, शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली. कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे आणि कुणाच्या गाडीने. मग पैशांचा बंदोबस्त. चढाची खूण दिसली की बँकेचे पुस्तक, कार्ड आणि जमिनीचे कागद थोरल्या मेहुण्याकडे द्यायचे. मोठ्या व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतील असे खाते आधीच करून ठेवलेले. उताराच्या दिवसांत फवारणीची औषधे घरात नाहीत, शेजाऱ्याच्या कुलपात. हे कलम लिहिताना त्यांचा हात थबकला असेल, पण त्यांनी ते लिहिले. गुरांचे कोण पाहील, मुलांना काय सांगायचे, हेही होते. आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘मला बांधू नये. मारू नये. देवऋषीकडे नेऊ नये. माझ्याशी वाद घालू नये. दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर ठेवावे. मी तेव्हा नाही म्हणेन, पण आज हो म्हणतो आहे.’

या वाक्यापुढे युलिसिसची गोष्ट फिकी पडते, नाही का?

कागदाने सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. एकदा चढ इतका वेगाने आला की मामांनी मामीच्या हातून तो कागद ओढून टराटरा फाडला. पण एक प्रत डॉक्टरांकडे होती आणि एक मेहुण्याकडे. मेहुणे म्हणाले, “मास्तर, तुमचं अक्षर आहे. तुम्हीच सांगितलंय.” मामा तासभर भांडले आणि मग गाडीत बसले. त्या खेपेला बैल विकले गेले नाहीत, दावेही निघाले नाही. मामी मला म्हणाली, “लेकरा, पहिल्यांदा मला वाटलं, मी ह्यांच्या विरुद्ध नाही, ह्यांच्याच बाजूनं उभी आहे.”

कायद्याच्या मर्यादाही सांगतो. जीवावर बेतले असेल तर तातडीच्या उपचारांना हा कागद आडवा येत नाही. त्यातली एखादी इच्छा पाळू नये असे डॉक्टरांना किंवा घरच्यांना वाटले, तर त्यांना मंडळाकडे अर्ज करता येतो. ही मंडळे उभी राहायला ठिकठिकाणी पुष्कळ उशीर झाला. कागद डॉक्टरांच्या हाती पोचविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आणि त्याच्या प्रतिनिधीची आहे. ट्रंकेत जपून ठेवलेला कागद असून नसून सारखाच. आणि कागदाच्या जोरावर घरच्यांनी माणसाला लहान मूल करून टाकू नये. मास्तर जरा मोठ्याने हसले की लगेच ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न मामांना फार लागत असे. आनंद म्हणजे आजार नव्हे.

आज जिल्हा रुग्णालयांतून मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि अलीकडच्या काळात जालन्याला प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य सरकारने मंजुरी दिली. १९५३ साली जी वास्तू जालन्याहून गेली, तिचे हे एक प्रकारे पुनरागमनच. पण जुन्या इस्पितळात माणूस गेला तो दुसऱ्यांच्या सह्यांनी. नव्यात जाईल तो स्वतःचा कागद हाती घेऊन जावा, एवढी माझी इच्छा आहे. ते काम सरकारचे नाही, तुमचे-माझे आहे.

आपण मराठवाड्याची माणसे. दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. आपल्या पूर्वजांनी सुगीत पेव भरले, कडब्याची गंजी रचली, ती पाऊस हुलकावणी देतो हे माहीत होते म्हणून. ज्वारी भरताना कुणी असे म्हणाले नाही की हा अपशकुन आहे. मग मनाच्या दुष्काळाचे नाव काढले की आपण का दचकतो?

तुमच्या घरात, भावकीत, शाळेत असा कुणी असेल, आणि आज तो बरा असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा. चहा घ्या. आणि मामांना कुणी विचारला नाही तो प्रश्न त्याला विचारा, “दादा, पुन्हा असं झालं, तर आम्ही काय करावं?” तो सांगेल. तुम्ही लिहून घ्या.